असाध्य आजारात नोकरी थांबवताना : अपंगत्व पेन्शन, पीएफ, ग्रॅच्युइटी, ईएसआय – वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कर्करोगाचा शेवटचा टप्पा, मूत्रपिंड किंवा यकृत निकामी होणं, मेंदूतली गाठ, वेगाने वाढत जाणारा मज्जासंस्थेचा विकार अशा आजारात नोकरी सोडण्याची वेळ आलेल्यांसाठी आणि त्यांच्या वतीने कागदपत्रांची धावपळ करणाऱ्या घरच्यांसाठी ही माहिती आहे. बहुतेक प्रश्न खासगी नोकरीतल्या पीएफ (भविष्य निर्वाह निधी) आणि ईएसआय (कर्मचारी राज्य विमा) यांच्या सभासदांचे असतात, म्हणून तो भाग मोठा आहे. सरकारी नोकरीचा प्रश्न पुढे स्वतंत्र दिला आहे.

राजीनामा आधी द्यायचा की अर्ज आधी करायचा?

राजीनामा देऊ नका. निदान हे पान पूर्ण वाचून होईपर्यंत तरी नाही.

कर्मचारी पेन्शन योजना, १९९५ (ईपीएस) मध्ये कायमचं आणि पूर्ण अपंगत्व आलेल्या सभासदाला दहा वर्षांची नोकरी झालेली नसली तरी आजीवन पेन्शन मिळते. पण ते अपंगत्व नोकरीत असताना आलेलं असावं लागतं. ‘वैयक्तिक कारणास्तव राजीनामा देत आहे’ असं लिहून बाहेर पडलात आणि तीन महिन्यांनी अर्ज केलात, तर पीएफ कार्यालयाच्या नोंदीत तुम्ही धडधाकट असताना नोकरी सोडलेले सभासद असता. पुढे कितीही ठळक रिपोर्ट जोडले तरी ती नोंद आडवी येते.

आजार कळल्यावर माणूस खचलेला असतो, कंपनीला त्रास नको म्हणून चार ओळींचा राजीनामा पाठवून मोकळा होतो. त्या चार ओळींमुळे घरच्यांचे काही लाख रुपये जाऊ शकतात. तोपर्यंत आजारपणाची रजा, अर्जित रजा, विनावेतन रजा, जी मिळेल ती घ्या, पण हजेरीपटावर नाव राहू द्या.

मला ईपीएस लागू आहे का, हे कसं ओळखायचं?

पीएफचं पासबुक उघडा. त्यात कर्मचाऱ्याचा हिस्सा, मालकाचा हिस्सा आणि पेन्शनचा हिस्सा असे तीन रकाने असतात. पेन्शनच्या रकान्यात दर महिन्याला रक्कम दिसत असेल (मूळ वेतन आणि महागाई भत्ता १५,००० किंवा जास्त असेल तर ती साधारण १,२५० असते), तर तुम्ही ईपीएसमध्ये आहात. अपंगत्व पेन्शनसाठी एका महिन्याची वर्गणी भरलेली असली तरी पुरते.

तिथे शून्य असेल तर बहुधा तुम्ही १ सप्टेंबर २०१४ नंतर पहिल्यांदा नोकरीला लागलात आणि त्या वेळी मूळ वेतन १५,००० च्या वर होतं. अशा सभासदांचा सगळा पैसा पीएफमध्ये जातो, पेन्शन नसते. त्यांना पेन्शनच्या अर्जामागे वेळ घालवायची गरज नाही. पीएफ, ग्रॅच्युइटी आणि विम्याचे पुढचे प्रश्न पाहा.

अपंगत्व पेन्शन किती मिळते?

सूत्र नेहमीच्या पेन्शनचंच आहे : पेन्शनपात्र वेतन गुणिले नोकरीची वर्षं, भागिले ७०. वेतनाची कमाल मर्यादा १५,००० धरली जाते. म्हणजे १४ वर्षं नोकरी झालेल्याला १५,००० × १४ ÷ ७० = ३,००० रुपये महिना. वर्षं थोडी असली आणि हिशोबात हजारापेक्षा कमी आले तरी किमान १,००० रुपये मिळतात. अपंगत्व आलेल्या तारखेच्या दुसऱ्या दिवसापासून पेन्शन लागू होते, त्यामुळे मंजुरीला उशीर झाला तर मधल्या महिन्यांची थकबाकीही मिळायला हवी.

रक्कम मोठी नाही. तरीही ती सोडू नका, कारण सभासदाच्या पश्चात जोडीदाराला आणि २५ वर्षांखालच्या दोन मुलांना मिळणारी पेन्शनही याच खात्यातून निघते.

मी ५२ वर्षांचा आहे. सायबर कॅफेवाल्याने ‘पन्नाशीनंतरची लवकर पेन्शन’ भरून दिली. चालेल का?

चालेल, पण नुकसानीत. वयाच्या ५० नंतर घेतलेल्या मुदतपूर्व पेन्शनमध्ये ५८ ला जितकी वर्षं कमी, तितक्या वर्षांसाठी दरसाल ४ टक्के कपात होते. अपंगत्व पेन्शनला ही कपात नाही. अर्जाचा फॉर्म दोन्हीला एकच, १०-डी. फरक त्यातल्या पेन्शनच्या प्रकाराच्या रकान्याचा. तिथे ‘अपंगत्व पेन्शन’ हाच प्रकार निवडलेला आहे ना, हे अर्ज पाठवण्यापूर्वी स्वतःच्या डोळ्यांनी पाहा. अर्ज अजून मंजूर झाला नसेल तर पीएफच्या क्षेत्रीय कार्यालयाला लगेच लेखी कळवून तो मागे घ्या आणि योग्य प्रकारात भरा.

डॉक्टरांच्या दाखल्यात नेमकं काय हवं?

अर्ज अडतात ते बहुतेक इथेच. रुग्णालयं जो नेहमीचा दाखला देतात त्यात ‘उपचार चालू आहेत, तीन महिने विश्रांतीचा सल्ला’ असं असतं. त्याचा सरकारी अर्थ होतो : तीन महिन्यांनी हा माणूस कामावर येणार आहे. मग अपंगत्व ‘कायमचं’ कसं?

ईपीएसच्या व्याख्येप्रमाणे, अपंगत्व येण्याच्या वेळी माणूस जी जी कामं करू शकत होता त्या सगळ्या कामांसाठी तो कायमचा असमर्थ झालेला हवा. आजार कामामुळे झाला की इतर कशामुळे, याने फरक पडत नाही. म्हणून दाखल्यात पुढच्या गोष्टी यायला हव्यात :

– आजाराचं पूर्ण नाव, टप्पा, आणि तो कशावरून ठरला (बायोप्सी, स्कॅन वगैरेची तारीख व रिपोर्ट क्रमांक).
– आतापर्यंत झालेले उपचार आणि त्यांना मिळालेला प्रतिसाद. बरा करणारा उपचार आता उरलेला नाही, फक्त त्रास कमी करणारे उपचार चालू आहेत, असं असेल तर ते स्पष्ट शब्दांत.
– शरीराची आजची स्थिती : किती वेळ बसता येतं, आधाराशिवाय चालता येतं का, ऑक्सिजन, नळी किंवा डायलिसिस लागतं का, औषधांमुळे झोप किंवा संभ्रम राहतो का.
– कोणत्या तारखेपासून काम अशक्य झालं.
– ‘रुग्ण कोणतंही काम करण्यास कायमचा व पूर्णतः असमर्थ आहे’ असं थेट वाक्य.
– डॉक्टरांचं नाव, पात्रता, नोंदणी क्रमांक, सही, शिक्का, तारीख.

तिसरा मुद्दा सगळ्यात जास्त वेळा राहून जातो. आजाराचं नाव कितीही गंभीर असलं तरी तेवढ्याने काम अशक्य झाल्याचं सिद्ध होत नाही, कारण तोच आजार असलेले कितीतरी लोक काम करत असतात. डॉक्टरांकडे जाताना रुग्णाच्या दिवसाबद्दलची अर्ध्या पानाची टिपण घेऊन जा : सकाळी उठायला कोण मदत करतं, जिना चढता येतो का, सलग किती वेळ बोलता येतं. गर्दीच्या ओपीडीत डॉक्टरांना हे सगळं विचारायला वेळ नसतो. समोर कागद असला की तेही नीट लिहितात.

‘हलकं काम करू शकतो’ ही ओळ दाखल्यात असेल आणि ती खरी नसेल, तर तिथल्या तिथे दुरुस्ती मागा. असमर्थता सुरू झाल्याची तारीख नोकरी सुटल्याच्या तारखेच्या आधीची किंवा फार तर त्याच दिवसाची हवी. दाखल्यावर १० जून आणि कंपनीच्या नोंदीत नोकरी सुटल्याची तारीख ३१ मे, असं झालं की अर्ज परत येतो.

मग कंपनीला पत्र कसं लिहायचं?

विषयात ‘राजीनामा’ हा शब्द टाळा. असं लिहिता येईल :

‘मला झालेल्या आजारामुळे मी दिनांक ……… पासून कोणतंही काम करण्यास कायमचा व पूर्णतः असमर्थ झालो आहे. वैद्यकीय दाखला सोबत जोडला आहे. या कारणास्तव मला सेवेतून मुक्त करावे, भविष्य निर्वाह निधीच्या नोंदीत नोकरी संपण्याचे कारण कायमचे अपंगत्व असे नमूद करावे, आणि अपंगत्व पेन्शन, भविष्य निर्वाह निधी व ग्रॅच्युइटीचे अर्ज पुढे पाठवावेत.’

यातली मधली मागणी फार महत्त्वाची. पीएफच्या पोर्टलवर मालक नोकरी संपल्याची तारीख भरतो तेव्हा कारणही निवडतो. निवृत्ती, मृत्यू, कायमचं अपंगत्व आणि साधं ‘सेवा समाप्ती’ असे पर्याय तिथे असतात. काम उरकण्याच्या घाईत ‘सेवा समाप्ती’ निवडलं जातं आणि मग दुरुस्तीला महिने लागतात. पत्र ईमेलनेही पाठवा, हातात दिलं तर पोच घ्या. आणि पोर्टलवर सभासदाला स्वतः नोकरी संपल्याची नोंद करता येते, ती सोय या प्रसंगी वापरू नका.

अर्जाचा क्रम कसा असतो?

सगळ्यात आधी नोंदी जुळवा. आधार, पॅन, बँक खातं आणि युएएन (पीएफ सभासदाचा कायमचा क्रमांक) यांतलं नाव, जन्मतारीख, वडिलांचं किंवा पतीचं नाव एकसारखं हवं. जुन्या कंपन्यांचे सभासद क्रमांक अजून वेगळे पडले असतील तर ते आताच्या खात्यात हस्तांतरित करून घ्या, नाहीतर पेन्शनची वर्षं कमी धरली जातील.

मग दाखला, मग कंपनीला पत्र, मग कंपनीकडून कारणासह नोंद. त्यानंतर फॉर्म १०-डी, सोबत दाखला, रिपोर्ट, कुटुंबाचा तपशील, फोटो, बँकेची माहिती. क्षेत्रीय कार्यालय सभासदाला वैद्यकीय मंडळापुढे तपासणीसाठी पाठवतं. ही तपासणी टाळता येत नाही. मंडळापुढे जाताना मूळ रिपोर्ट, स्कॅनच्या फिल्म आणि डिस्चार्ज कार्डं तारखेप्रमाणे लावून न्या.

रुग्ण अंथरुणाला खिळलेला असेल तर उपचार करणाऱ्या डॉक्टरांकडून ‘प्रवासास अयोग्य’ असा दाखला घ्या आणि रुग्णालयात किंवा घरी येऊन तपासणी करावी अशी लेखी विनंती अर्जासोबतच द्या. तारीख आल्यावर केलेली विनंती म्हणजे पुढची तारीख, आणि इथे दिवस मोलाचे आहेत.

पीएफची पूर्ण रक्कम लगेच काढता येते का?

हो. साध्या राजीनाम्यानंतर पूर्ण रक्कम काढायला थांबावं लागतं. शारीरिक किंवा मानसिक असमर्थतेमुळे नोकरी सुटली असेल तर थांबण्याची अट नाही. फॉर्म १९ भरायचा, सोबत कंपनीच्या वैद्यकीय अधिकाऱ्याचा, किंवा तसा अधिकारी नसेल तर कंपनीने नेमलेल्या नोंदणीकृत डॉक्टरांचा दाखला.

पाच वर्षांच्या आत पीएफ काढला तर एरवी त्यावर कर लागतो आणि रक्कम ५०,००० किंवा जास्त असेल तर आधीच कापून घेतला जातो. नोकरी आजारपणामुळे संपली असेल तर ही रक्कम करमुक्त असते. इथेही कारणाची नोंदच उपयोगी पडते. कर कापला गेलाच तर विवरणपत्र भरून परत मागता येतो.

एक धोका : ऑनलाइन फॉर्म १९ भरताना खालोखाल फॉर्म १०-सी चा पर्याय दिसतो आणि दहा वर्षांपेक्षा कमी नोकरी असेल तर पेन्शनची जमा रक्कम एकरकमी मिळेल असं सांगतो. तो भरलात की ईपीएसचं सभासदत्व संपलं, अपंगत्व पेन्शनही नाही आणि कुटुंबाची पेन्शनही नाही. १०-डी चा निर्णय होईपर्यंत १०-सी ला हात लावू नका.

नोकरी चालू ठेवून उपचारापुरते पैसे हवे असतील तर फॉर्म ३१ ने आजारपणासाठी अंशतः रक्कम निघते. त्यासाठी नोकरी सोडायची गरज नाही.

पाच वर्षं झाली नाहीत म्हणून ग्रॅच्युइटी नाही, असं कंपनी म्हणते. बरोबर आहे का?

नाही. मृत्यू किंवा अपंगत्वामुळे नोकरी संपली तर पाच वर्षांची अट लागू होत नाही. १९७२ च्या ग्रॅच्युइटी कायद्यात हेच होतं, आणि २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या सामाजिक सुरक्षा संहितेतही तेच आहे. शिवाय इथे अपंगत्वाचा अर्थ ईपीएसपेक्षा सैल आहे : आजारापूर्वी जे काम करू शकत होता त्यासाठी असमर्थ झालात, तेवढं पुरतं. पेन्शन नाकारली गेली तरी ग्रॅच्युइटी मिळू शकते.

हिशोब : शेवटचं मूळ वेतन अधिक महागाई भत्ता, भागिले २६, गुणिले १५, गुणिले वर्षं. सहा महिन्यांपेक्षा जास्त झालेला तुकडा पूर्ण वर्ष धरतात. वेतन २६,००० आणि नोकरी ३ वर्षं ७ महिने असेल तर ४ वर्षं धरून ६०,००० रुपये. कमाल मर्यादा २० लाख. नव्या संहितेत भत्ते एकूण मोबदल्याच्या निम्म्याहून जास्त असतील तर वरची रक्कम वेतनात धरली जाते, त्यामुळे मूळ वेतन मुद्दाम कमी ठेवलेल्या ठिकाणी हिशोब पुन्हा तपासा. रक्कम ३० दिवसांत द्यायची असते, उशीर झाला तर व्याजासह.

हजेरीपटावर राहणं चांगलं की अपंगत्वाने बाहेर पडणं?

हा प्रश्न विचारायला घरचे कचरतात. विचारायलाच हवा, कारण दोन्ही वाटांत मिळणारे पैसे बरेच वेगळे आहेत.

नोकरीत असताना मृत्यू झाला तर कुटुंबाला ईडीएलआय, म्हणजे पीएफसोबत असलेल्या आयुर्विम्याची रक्कम मिळते. १२ महिने सलग नोकरी झाली असेल तर किमान अडीच लाख, कमाल ७ लाख. जोडीदाराची पेन्शन सभासदाच्या पूर्ण पेन्शनइतकी किंवा त्याहून जास्त बसते. कंपनीची समूह आयुर्विमा पॉलिसी असेल तर तीही मिळते, आणि तोवर कंपनीच्या मेडिक्लेममधून उपचार चालू राहतात. यातलं बहुतेक काही नोकरी सुटल्यावर उरत नाही.

अपंगत्वाने बाहेर पडलात तर पीएफ, ग्रॅच्युइटी आणि महिन्याची पेन्शन आत्ता हातात येते. रुग्णाला स्वतःच्या हाताने कर्ज फेडता येतं, व्यवस्था लावता येते. पण ईडीएलआय संपतो, समूह विमा संपतो, आणि पेन्शन सुरू झाल्यानंतर मृत्यू झाल्यास जोडीदाराला सभासदाच्या पेन्शनच्या निम्मी रक्कम मिळते (किमान १,०००).

म्हणून आमचा सल्ला असा : डॉक्टर महिन्यांची भाषा बोलत असतील, रजा शिल्लक असेल आणि कंपनी नाव पटावर ठेवायला तयार असेल, तर रजेवर राहा आणि पैशाची गरज फॉर्म ३१ वर भागवा. आजार वर्षानुवर्षं चालणारा असेल, रजा संपली असेल किंवा कंपनी ठेवत नसेल, तर अपंगत्वाने बाहेर पडा. साधा राजीनामा दोन्हींपेक्षा वाईट.

विनावेतन रजा लांबली तर एक तारीख लक्षात ठेवा. शेवटची वर्गणी भरल्यापासून सहा महिन्यांच्या आत मृत्यू झाला आणि नाव पटावरून काढलेलं नसेल, तर ईडीएलआयचा हक्क राहतो. म्हणून अर्जित रजा एका दमात संपवू नका. कंपनी मान्य करत असेल तर ती काही महिन्यांत थोडी थोडी विभागून घ्या, म्हणजे वर्गणीत मोठा खंड पडत नाही. आपल्या कंपनीत ईडीएलआयऐवजी दुसरी समूह योजना आहे का, हेही विचारून ठेवा.

ईएसआय कापला जातो. तिथून काय मिळतं?

ईएसआय महिना २१,००० रुपयांपर्यंत वेतन असणाऱ्यांना (दिव्यांग कामगारांना २५,००० पर्यंत) लागू आहे. उपचारांखेरीज दोन रोख लाभ आहेत. पहिला आजारपणाचा लाभ : सरासरी रोजच्या वेतनाच्या ७० टक्के, वर्षाला ९१ दिवसांपर्यंत. त्यासाठी संबंधित सहामाहीत ७८ दिवसांची वर्गणी हवी. दुसरा विस्तारित लाभ : कर्करोग, क्षय, पक्षाघात, मूत्रपिंड निकामी होणं अशा ३४ दीर्घ आजारांसाठी ८० टक्के, वैद्यकीय मंडळाच्या सल्ल्याने दोन वर्षांपर्यंत. त्यासाठी दोन वर्षं सलग नोकरी आणि चार सहामाहींत मिळून १५६ दिवसांची वर्गणी लागते. सरासरी रोजचं वेतन ७०० असेल तर पहिल्यात दिवसाला ४९०, दुसऱ्यात ५६०.

अडतं ते दोन ठिकाणी. खासगी रुग्णालयाचा दाखला तसाच चालत नाही, ईएसआयच्या दवाखान्यातून दाखला घ्यावा लागतो आणि तो वेळच्या वेळी. दोन महिने खासगीत काढून मागच्या तारखेचा दाखला मागायला गेलात तर वाद होतो. दुसरं, ज्या दिवसांचा पगार किंवा पगारी रजा घेतली त्या दिवसांचा लाभ मिळत नाही. कंपनीकडून गैरहजेरीची खातरजमा मागवली जाते आणि तिथे हे उघड होतं. पगारी रजा आणि लाभाचे दिवस वेगवेगळे ठेवा.

ईएसआयचा ‘अपंगत्व लाभ’ मात्र फक्त कामावरची इजा आणि व्यवसायजन्य आजारांसाठी आहे. साध्या कर्करोगासाठी तो अर्ज केला तर तो नामंजूर होणारच.

आजार कामामुळेच झाला असेल तर?

दगड फोडणं, वाळूचा मारा, काच-सिरॅमिक यांतला सिलिकोसिस (धुळीमुळे होणारा फुफ्फुसांचा आजार) किंवा अॅस्बेस्टॉसमुळे झालेला फुफ्फुसाच्या आवरणाचा कर्करोग असे आजार व्यवसायजन्य मानले जातात. ईएसआयच्या सभासदाला कायमच्या पूर्ण अपंगत्वात वेतनाच्या ९० टक्के रक्कम आजीवन मिळते, पश्चात अवलंबितांनाही लाभ असतो. ईएसआय नसेल तर मालकाकडून नुकसानभरपाई मागता येते. कोणत्या खात्यात, कोणत्या धुळीत, किती वर्षं काम केलं याचे पुरावे (हजेरी कार्ड, पगारपत्रकं, सहकाऱ्यांची निवेदनं) आत्ताच गोळा करा. रुग्णाशिवाय ही माहिती नंतर कोणाला सांगता येत नाही.

सरकारी नोकरीत नियम वेगळे आहेत का?

पूर्ण वेगळे. इथे राजीनामा म्हणजे आधीची सगळी सेवा जप्त. महाराष्ट्र नागरी सेवा (निवृत्तिवेतन) नियम, १९८२ मध्ये ‘रुग्णता निवृत्तिवेतन’ आहे, केंद्राच्या नियमांतही तशीच तरतूद आहे. विभागप्रमुखांकडे अर्ज करायचा, वैद्यकीय मंडळाने कायम असमर्थतेचा दाखला द्यायचा, मग निवृत्ती. राज्यात १ नोव्हेंबर २००५ नंतर लागलेल्या, एनपीएस (राष्ट्रीय निवृत्तिवेतन योजना) मधल्या कर्मचाऱ्यांनाही २०२३ च्या शासन निर्णयाने रुग्णता निवृत्तिवेतन आणि कुटुंब निवृत्तिवेतनाची वाट खुली झाली. पर्याय भरून दिला आहे का, हे आस्थापना शाखेत तपासा.

शिवाय दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा, २०१६ च्या कलम २० प्रमाणे सेवेत असताना दिव्यांगत्व आलेल्याला सरकारी आस्थापनेला काढता येत नाही. त्याच वेतनश्रेणीतल्या दुसऱ्या पदावर, ते नसेल तर अधिसंख्य (मंजूर पदांखेरीज निर्माण केलेल्या) पदावर ठेवावं लागतं. ‘सेवानिवृत्ती घ्या’ असा दबाव येत असेल तर हे कलम लिहून उत्तर द्या.

कर्करोगावर दिव्यांग प्रमाणपत्र मिळतं का?

नुसत्या कर्करोगावर नाही. कायद्यातल्या २१ प्रकारांत तो नाही. पण आजाराने किंवा शस्त्रक्रियेने हात-पाय, दृष्टी, वाचा, श्रवण यांवर परिणाम झाला असेल तर त्या दोषाचं प्रमाणपत्र मिळतं. पार्किन्सन, मल्टिपल स्क्लेरोसिस, मस्क्युलर डिस्ट्रॉफी हे मात्र यादीत आहेत. अर्ज स्वावलंबन पोर्टलवर, तपासणी नेमून दिलेल्या रुग्णालयात. बहुतेक सवलतींना ४० टक्के लागतात. ईपीएसच्या पेन्शनला हे प्रमाणपत्र पर्याय नाही, दोन्ही वाटा वेगळ्या.

पीएफही नाही, ईएसआयही नाही. मग?

महाराष्ट्रात संजय गांधी निराधार अनुदान योजना आहे, आणि तिच्या लाभार्थींत कर्करोग, क्षय, पक्षाघात, एड्स अशा आजारांमुळे कमावू न शकणारे येतात, हे अनेकांना माहीत नसतं. महिना १,५०० रुपये, दिव्यांगांना २,५००. वय ६५ च्या आत, राज्यात १५ वर्षांचा रहिवास, कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न २१,००० पर्यंत (दिव्यांगांसाठी ५०,०००). अर्ज तहसील कार्यालयात किंवा सेतू केंद्रात. अर्ज बहुतेक उत्पन्नाच्या दाखल्यावर अडतो. नोकरी सुटण्यापूर्वीचं उत्पन्न धरलं गेलं तर अर्ज बसत नाही, म्हणून तलाठ्याकडे नोकरी सुटल्याचा कागद घेऊन जा. उपचारांसाठी महात्मा ज्योतिराव फुले जनआरोग्य योजनेत कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंत संरक्षण आहे.

विम्याचं काय पाहायचं?

नोकरी सुटण्यापूर्वी तीन गोष्टी. कंपनीच्या मेडिक्लेममधून त्याच विमा कंपनीच्या वैयक्तिक पॉलिसीत जाण्याचा लेखी अर्ज द्या, शेवटच्या दिवसानंतर तो घेतला जाईलच असं नाही. स्वतःच्या आयुर्विमा पॉलिसींत ‘टर्मिनल इलनेस’, ‘क्रिटिकल इलनेस’ किंवा हप्ता माफीचा रायडर (पॉलिसीला जोडलेला जादा लाभ) आहे का ते पाहा. टर्मिनल इलनेसमध्ये विम्याची रक्कम हयातीतच मिळू शकते. गृहकर्जासोबत घेतलेला विमाही तपासा.

बँकेतली प्रधानमंत्री जीवन ज्योती विमा योजना बहुतेक जण विसरतात. कोणत्याही कारणाने मृत्यू झाला तरी २ लाख, वर्षाचा हप्ता ४३६, वय ५५ पर्यंत. हप्ता मेअखेरीस खात्यातून कापला जातो. पगार बंद झाल्यावर खातं रिकामं राहिलं की विमा संपला. त्या खात्यात मे महिन्यात पैसे ठेवा. प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजना मात्र अपघातापुरती आहे.

रुग्णाला सही करता येत नाही, बोलताही येत नाही. काय करायचं?

म्हणूनच हे आधी करायचं असतं. आधारला जोडलेला मोबाइल चालू आणि घरच्यांच्या हाताशी असावा, कारण सगळे अर्ज ओटीपीवर चालतात. पीएफच्या पोर्टलवर ई-नॉमिनेशन करून वारस लावा. लग्नापूर्वी केलेली वारसनोंद लग्नानंतर रद्द होते, आई-वडिलांचं नाव अजून तसंच असेल तर ती पुन्हा करा. ग्रॅच्युइटीची वारसनोंद वेगळी असते, कंपनीत.

सही जमत नसेल तर साक्षांकित अंगठा चालतो. मुखत्यारपत्र बँकेच्या कामांना उपयोगी, पण रुग्णाची समज हरपली की ते कायद्याने संपतं. मेंदूच्या आजारात त्यावर भिस्त ठेवू नका. बँक खातं जोडीदारासोबत संयुक्त करून ठेवा.

कंपनी अर्ज पुढे पाठवत नाही, किंवा अर्ज नामंजूर झाला. पुढे?

नामंजुरीचं कारण लेखी घ्या. ‘दाखला अपुरा’ असेल तर वरच्या मुद्द्यांप्रमाणे नवा दाखला जोडून पुन्हा अर्ज करा. ‘नोकरी सुटल्याचं कारण जुळत नाही’ असेल तर कंपनीकडून नोंदीची दुरुस्ती मागा आणि आधी दिलेल्या पत्राची पोच जोडा. वैद्यकीय मंडळाने ‘पूर्ण’ अपंगत्व नाही म्हटलं आणि आजार त्यानंतर वाढला, तर नव्या रिपोर्टसह फेरतपासणी मागा.

कंपनीच दाद देत नसेल तर पीएफच्या तक्रार पोर्टलवर युएएनसह तक्रार नोंदवा. विषयाच्या पहिल्याच ओळीत ‘सभासद असाध्य आजाराने ग्रस्त, तातडीचे’ असं लिहा आणि दाखला जोडा. ग्रॅच्युइटीसाठी कामगार खात्यातल्या नियंत्रक प्राधिकाऱ्याकडे अर्ज करता येतो, वकील लागत नाही.

अर्ज प्रलंबित असताना रुग्ण गेला तर अर्ज सोडून देऊ नका. मृत्यूचा दाखला देऊन कार्यालयाला कळवा, त्या तारखेपर्यंतची पेन्शनची थकबाकी मागा, आणि कुटुंबाच्या पेन्शनसाठी १०-डी, पीएफसाठी फॉर्म २०, ईडीएलआयचा हक्क असेल तर फॉर्म ५-आयएफ एकत्र भरा.